बीए करून काय होते जी?

बारावीचा निकाल लागला की पुढचे तीन-चार आठवडे माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच वाक्य फिरत असतं. कधी वडील म्हणतात, कधी आई, कधी मुलगी स्वतःच दबक्या आवाजात विचारते: "बीए करून काय होते?" गेल्या उन्हाळ्यात हा प्रश्न इतक्यांदा आला की त्यातली एक गोष्ट लिहून ठेवावीशी वाटली. प्रणय हे नाव खरं नाही आणि घरचे तपशील दोन-तीन कुटुंबांचे एकत्र केले आहेत. पाच बैठका झाल्या, इथे त्यातलं मोजकंच देते.

प्रणय विज्ञान शाखेचा. बारावीला ६१ टक्के, गणितात ४३. इंजिनिअरिंगच्या सीईटीचा पर्सेंटाइल पन्नाशीतला. वडील आयटीआय झालेले, नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत सुपरवायझर, राहायला जयताळ्याला. पहिल्या दिवशी वडीलच बोलले.

"मॅडम, आमच्या शॉपमध्ये नवीन पोट्टा लागते इंजिनिअर म्हणून. पहिल्याच दिवशी मी त्याले सर म्हणतो. बावीस वर्षं झाली मले तिथं. म्हणून म्हणतो, यानं इंजिनिअरच व्हायले पाहिजे."

"आणि तू?"

"मला बीएच करायचंय. राज्यशास्त्र घेऊन. यूपीएससीला बरं पडतं."

अशा वेळी मी वाक्यातला 'च' धरते. 'इंजिनिअर झाला तर बरं' ही इच्छा झाली, तिच्याशी बोलता येतं. 'इंजिनिअरच' हा हुकूम, त्याच्याशी फक्त भांडता येतं. गंमत अशी की मुलाचा 'बीएच'सुद्धा तितकाच आडमुठा होता. वडिलांच्या 'च'मागे एक भीती होती, मुलाच्या 'च'मागे गणितातले ४३ मार्क. इंजिनिअरिंग बरं की बीए बरं, यावर त्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही. दोघांना घरचा अभ्यास दिला. वडिलांनी ओळखीतल्या दहा माणसांची यादी करायची: काय शिकला, आज काय करतो. ऐकीव चालणार नाही, फोन करून विचारायचं. प्रणयनं एक पूर्ण दिवस कॉलेजमध्ये बीएच्या वर्गाच्या आसपास काढायचा आणि वेळापत्रक उतरवून आणायचं.

वडिलांनी अकरा नावं आणली, कंपनीच्या जॉब कार्डच्या मागच्या बाजूला, रकाने पाडून. चार इंजिनिअर. त्यातला एक पुण्यात आयटीत, एक नागपूरच्याच मिहान या उद्योगक्षेत्रात, एक बँकेत क्लार्क आणि एक "अजून एमपीएससी करून राहिला." तीन बीए. एक तलाठी, एक शाळेत शिक्षक आणि तिसरा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ.

"भाऊ काय करतात?"

"काही नाही जी. आधी बाबाच्या पेन्शनवर होता, आता माझ्यावर हाय."

"कॉलेजला जायचे?"

"नाही. बाहेरून दिलं होतं त्यानं. परीक्षेपुरता जाये, एरवी पानठेल्यावर."

घरात बीए या शब्दाला चेहरा होता तो या काकांचा. माझ्याकडे येणारी बहुतेक घरं अभ्यासक्रम तपासून नाकारत नाहीत, ती त्या अभ्यासक्रमाचं घरातलं माणूस बघून नाकारतात. पण काकांनी वर्ग पाहिला नव्हता, प्रात्यक्षिक केलं नव्हतं, एका प्राध्यापकाशी ओळख नव्हती. त्यांनी बीएची परीक्षा दिली होती, बीए केलं नव्हतं. हे मी सांगितलं तेव्हा वडील गप्प झाले. पटलं म्हणून नव्हे. प्रणयनं तेवढ्यात वेळापत्रक पुढे केलं होतं: सकाळी आठ ते बारा दहा.

"अन् मंग दिवसभर?" वडील म्हणाले.

हा खरा प्रश्न. नोकरीचा, पगाराचा, लोक काय म्हणतील याचा प्रश्न याच्या मागून येतो. इंजिनिअरिंग मुलाचा दिवस बळजबरीनं भरून टाकतं: लॅब, सबमिशन, व्हायवा. बीए दिवस परत देतं आणि त्या दिवसाचा हिशेब कुणी मागत नाही.

आकडे मांडू. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या एका सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास. सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला २० ते २२ तास वर्ग, प्रात्यक्षिकं असली तर थोडे जास्त. म्हणजे दिवसाला चारच्या आत. वर्ग, प्रवास, जेवण, घरची कामं वजा जाता मुलाच्या हातात दिवसाला पाच तास तरी उरतात. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी तीन वर्षांत साडेचार हजार तास. बीएची किंमत या साडेचार हजार तासांवर ठरते. हे मी प्रत्येक घरात सांगते आणि प्रत्येक घरात पाच सेकंद शांतता होते, हेही कबूल करते की मला ती शांतता आवडते.

तिसऱ्या बैठकीला प्रणयला सांगितलं होतं, कुणी न सांगता केलेलं काहीतरी घेऊन ये. त्यानं रसायनशास्त्राचं जर्नल आणलं. मला वाटलं, चुकून आणलं. त्यानं मागची पानं उघडली. आलेखाच्या कागदावर पेन्सिलनं गल्ल्या काढल्या होत्या, घरांचे चौकोन, काही चौकोनांत निळ्या पेननं आकडे: २, ३, साडेतीन. सप्टेंबर २०२३ मध्ये रात्रीतून शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पहाटे पाणी शिरलं, तेव्हाचा हा नकाशा. त्याची मावशी कॉर्पोरेशन कॉलनीत राहते. गाळ उपसायला गेला होता. भिंतींवर पाण्याचे डाग कुठवर चढले ते बघत हा घरोघर फिरला. आकडे फुटांत होते. समोरासमोरच्या दोन घरांत फुटाचा फरक का, हे त्याला कळेना म्हणून त्यानं नाल्याचं वळणही काढलं होतं.

आई म्हणाली, "हे कधी केलं रे तू?"

वडिलांनी जर्नल स्वतःकडे ओढलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला. पुढचं बोलणं जसंच्या तसं देते.

"स्केल कुठाय?"

"एक चौकोन म्हणजे वीस पावलं."

"तुझं पाऊल किती?"

"मोजलं नाही."

"मोजाले लागते न! तीस मीटर टेपनं टाकायचं, तीनदा चालायचं, मोजायचं, अन् सरासरी काढायची. अन् नॉर्थ? उत्तर कुठं दाखवली तू? ड्रॉइंगवर कोणी उत्तर नाही दाखवत का?"

रागावल्यासारखे बोलत होते, पण हा माणूस बावीस वर्षं दररोज ड्रॉइंग वाचतो. मुलगा जे करतो ते आपल्याच धंद्यातलं आहे, हे त्यांना त्या पानावर दिसलं. मी दहा मिनिटं काही बोलले नाही. समुपदेशकाला गप्प बसता येणं हे निम्मं काम, आणि त्या दिवशी ते मला नीट जमलं. दहा मिनिटांत कुणाच्याही तोंडून एकदाही 'च' आला नाही.

मग विषय बदलला. राज्यशास्त्र कुठून आलं होतं? क्लासच्या जाहिरातींतून. यूपीएससीला कोणतीही पदवी चालते, वैकल्पिक विषय मुख्य परीक्षेत घ्यायचा असतो आणि त्याचे गुण २०२५ पैकी ५००. तेवढ्यासाठी तीन वर्षांचा विषय निवडायचा नाही. भूगोलही त्या यादीत आहेच. प्रणयला भूगोल हा 'मार्क न देणारा' विषय वाटत होता, कारण दहावीनंतर त्यानं तो पाहिलाच नव्हता. बीएच्या भूगोलात प्रात्यक्षिक असतं, स्थलदर्शक नकाशे वाचायचे असतात, १:५०,००० म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. आणि नागपूर या विषयाला फार चांगलं शहर आहे. सुदूर संवेदन म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राचं मुख्यालय इथे, व्हीएनआयटी या इंजिनिअरिंगच्या संस्थेच्या आवारात. मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्था अमरावती रोडवर. नोकरी तिथेच लागेल असं नाही, पण या कामाची माणसं सायकलीच्या अंतरावर आहेत.

मी विषय नेहमी उलटीकडून ठरवते. पाच वर्षांनी ज्या दारात उभं राहायचं त्या दाराची पात्रता आज वाचायची. प्रणयपुढे पदव्युत्तर जिओइन्फर्मेटिक्स होतं, म्हणजे नकाशे आणि जमिनीची माहिती संगणकावर हाताळण्याचा विषय. काही विद्यापीठं भूगोल घेऊन केलेलं बीए चालवतात, काही विज्ञानाची पदवी किंवा बारावीचं गणित मागतात. त्याच्याकडे बारावीचं गणित होतं, ४३ का असेना. ज्या मार्कांपासून तो पळत होता तेच उपयोगी पडणार होते.

बाकीच्या विषयांतही लोक याच पायरीवर घसरतात. शिक्षक व्हायचं म्हणून बीएला कुठलेही दोन विषय घेतात. पण केंद्रीय विद्यालयात सामाजिक शास्त्राच्या टीजीटीसाठी, म्हणजे पदवीधर शिक्षकाच्या पदासाठी, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांतले दोन लागतात आणि त्यात इतिहास किंवा भूगोल हवाच. मेजर म्हणजे मुख्य विषयाबरोबर मायनर म्हणजे दुय्यम विषय निवडताना हे बघितलं नाही तर बीएड झाल्यावर कळतं. मानसशास्त्राबद्दल मी जरा कठोरच बोलते: एमए झालं म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, पुनर्वास परिषदेनं मान्य केलेला, रुग्णालयातल्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम लागतो, जागा थोड्या आणि वर्षं जास्त. घराला लवकर पगार हवा असेल तर तो रस्ता नाही. अर्थशास्त्र घ्यायचं तर गणित सोडायचं नाही, दिल्ली विद्यापीठाच्या ऑनर्सला तर गणित अनिवार्य आहे. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही पक्क्या असलेल्या मुलांना मी अनुवादाकडे बघायला लावते. कोळशाची वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मँगनीजची मॉयल या सरकारी कंपन्यांची मुख्यालयं नागपुरात, वर रेल्वे आणि केंद्राची इतर कार्यालयं, आणि राजभाषेचं म्हणजे हिंदीचं काम सगळीकडे. कर्मचारी निवड आयोगाच्या कनिष्ठ अनुवादक पदाला साधारणपणे दोन्हींपैकी एका भाषेत एमए लागतं, दुसरी पदवीला विषय किंवा परीक्षेचं माध्यम म्हणून असावी लागते, शिवाय अनुवादाचा डिप्लोमा किंवा दोन वर्षांचा अनुभव. पदवीला ती दुसरी भाषा सोडून दिलेले किती जण येऊन हळहळतात!

कॉलेज बघायला जाताना प्रणयला चार गोष्टी विचारायला सांगितल्या. विभागात कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती. हजेरी खरंच घेतात का. मागच्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयात मिळतात का. भूगोलाच्या प्रयोगशाळेत नकाशे कपाटात आहेत की टेबलावर. नागपुरात हिस्लॉप १८८३ चं आहे, मॉरिस कॉलेज १८८५ चं, आणि जुन्या नावाचं वजन आपल्याकडे आहेच. प्रवेश मात्र विभाग बघून घ्यायचा.

ज्यांना मी बीएपासून परत पाठवते तेही सांगते. ज्याला फक्त गणित टाळायचंय त्याला. ज्याच्या घरी तीन वर्षांनी पगार आलाच पाहिजे आणि पुढे आणखी दोन वर्षं शिकवणं झेपणार नाही त्याला. नुसत्या बीएवर मिळणारी पहिली नोकरी बहुधा कमी पगाराची असते, हे लपवून काही साधत नाही. अशा मुलाला डिप्लोमा किंवा आयटीआय जास्त मानानं उभं करतं. प्रणयच्या वडिलांसमोर मी हे वाक्य बोलले तेव्हा त्यांनी मान वर केली होती.

चौथ्या बैठकीत साडेचार हजार तासांचा कागद झाला. सोमवार ते शनिवार दुपारी दोन ते चार नकाशाचं काम, क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम, तेही मोफत, सत्राला एक. रोज एक तास इंग्रजी वाचन, कारण भूगोलाचं चांगलं साहित्य मराठीत थोडं आहे. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास अंकगणित. बँकेची परीक्षा असो की कर्मचारी निवड आयोगाची, तिथे ते लागतंच. रविवार मोकळा. वडिलांनी महिन्यातून एकदाच विचारायचं, तेही "किती टक्के?" असं नाही, "या महिन्यात काय काढलं ते दाखव" असं. वडिलांनी एक अट घातली: सीईटीच्या प्रवेशफेरीचा अर्ज भरून ठेवायचा. प्रणय चिडला. मी वडिलांच्या बाजूनं उभी राहिले. अर्ज भरणं म्हणजे प्रवेश घेणं नव्हे, आणि भीती एका बैठकीत जात नसते.

पाचव्या बैठकीला जर्नलमधला नकाशा पुन्हा काढलेला होता, उत्तर दाखवून, खाली स्केल. एक पाऊल ७१ सेंटिमीटर. टेप वडिलांनी कंपनीतून आणला होता.

उठताना ते दारात थांबले.

"मॅडम, ते सॉफ्टवेअर आमच्या जुन्या लॅपटॉपवर चालन का जी? चार जीबी रॅम हाय."

"चालेल, पण रडत चालेल. आठ करून घ्या."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तळहातावर आठ लिहिलं.