विमानं आकाशात धडकत कशी नाहीत? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सोलापूरला होटगी रोडला राहतो, डोक्यावरनं विमान जातं. रडार, टॉवर सगळं असताना पायलटनं बाहेर कशाला बघायचं ओ?

मोठ्या विमानात टीकॅस नावाचं यंत्र असतं, जवळ दुसरं विमान आलं की ओरडतं. १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमानं धडकून ३४९ माणसं गेली, त्यानंतर आपल्याकडं ते सक्तीचं झालं. पण ट्रेनिंगच्या छोट्या विमानात बहुतेक वेळा ते नसतंच, आणि समोरच्याचा ट्रान्सपाँडर, म्हणजे विमानाची खबर देणारा रेडिओ संच, बंद असला तर टीकॅसलाही तो दिसत नाही. मग राहिले डोळेच की.

प्रश्न : मुलगा बारामतीला पायलट ट्रेनिंगला आहे. सर सारखं "बाहेर बघ" म्हणतात म्हणे. म्हणजे नेमकं कसं?

नजर नुसती इकडनं तिकडं फिरवली तर काही दिसत नाही, डोळा थांबला तरच दिसतं. म्हणून आकाशाचे १०-१० अंशांचे तुकडे करायचे आणि प्रत्येकावर निदान एक सेकंद थांबायचं. मोकळ्या आकाशात डोळ्याचा फोकस आपोआप जवळ येतो, पोराला कळतही नाही, त्यामुळं मधनं मधनं लांबचा ढग नाहीतर क्षितिज बघायचं, आणि डोकं थोडं हलवत राहायचं कारण काचेच्या खांबामागं अख्खं विमान लपतं. सेसना १७२ या ट्रेनिंगच्या छोट्या विमानाचे पंख वर असतात, वळताना त्या बाजूचा पंख खाली येऊन तिकडचं झाकतो, म्हणून वळायच्या आधी तो उचलून बघायचं.

आता खरी गोम सांगतो. काचेवर सरकणारं विमान बहुतेक वेळा निघून जातं. जे एकाच जागी चिकटल्यासारखं दिसतं आणि फक्त मोठं होत जातं, ते तुमच्यावरच येतंय, आणि न हलणारा ठिपका डोळ्याला लवकर सापडत नाही हीच पंचाईत. दिसल्यापासून विमान वळेपर्यंत साडेबारा सेकंद लागतात असा अमेरिकेच्या विमान खात्याचा, एफएएचा, हिशेब आहे. दोघंही ताशी २०० किलोमीटरनं समोरासमोर असले तर तेवढ्यात मधलं जवळपास १४०० मीटर अंतर संपलेलं असतं.

प्रश्न : समोरासमोर आले तर कोण कुठं वळणार?

दोघंही उजवीकडं. आडवे येत असले तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा आहे त्यानं वाट द्यायची. (सोलापूरच्या सात रस्ता चौकात हा नियम शोधू नका.)

प्रश्न : रात्री काय?

डाव्या पंखाला लाल दिवा, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा. नुसता पांढरा दिसला तर तो पुढं चाललाय. लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसले तर तो तुमच्याकडंच तोंड करून येतोय, आधी वळा, रेडिओवर नंतर बोला.