जठरात आतड्याच्या पेशी कुठून आल्या?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं वय ४७. पंचवीस वर्षं विड्या वळते. पाठ-मान भरून येते, म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून खाते, थंडीत तर रोजच. सकाळी मिश्री लावायची सवय आहे. दोन-तीन महिने पोटात जळजळ होती, जेवण जाईना, म्हणून दुर्बीण टाकली आणि तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टात एच. पायलोरी जंतू आणि ‘इंटेस्टायनल मेटाप्लासिया’ असं आलंय. मुलानं मोबाइलवर बघितलं. म्हणाला, जठरात आतड्याच्या पेशी आल्यात, पुढं याचा कॅन्सर होतो. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागत नाही. जठरात आतडं येईलच कसं? आणि माझं काय चुकलं?
— एक भगिनी, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : ताई, रिपोर्टात जे लिहिलंय तो कॅन्सर नाही. हे वाक्य मुलालाही वाचून दाखवा आणि आज झोपा. बाकीचं सावकाश सांगते, कारण तुमचा प्रश्न फार चांगला आहे. जठरात आतडं येईलच कसं, हे मला आजवर फार थोड्या पेशंटनी विचारलंय.

मी पॅथॉलॉजिस्ट. दुर्बिणीतून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो, तो ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असतो. तो मेणात बसवून त्याचे केसापेक्षा पंधरा-वीस पट पातळ काप काढतो, रंगवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. निरोगी जठराचं अस्तर मला अजूनही बघत राहावंसं वाटतं. वर बुळबुळीत द्रव सोडणाऱ्या पेशींची एकच रांग. त्या रांगेतून खाली गेलेल्या बारीक नळ्या. नळ्यांत आम्ल बनवणाऱ्या गुलाबी पेशी आणि अगदी तळाशी पाचक रस बनवणाऱ्या जांभळट पेशी. या तळच्या पेशी लक्षात ठेवा, पुढची सगळी कथा त्यांचीच आहे.

जठरातलं आम्ल मांस विरघळवतं, पण जठर स्वतः विरघळत नाही. बुळबुळीत थर त्याला वाचवतो, आणि वरची रांग काही दिवसांत पूर्ण नवी होते. बारीक ओरखडा गेला तर शेजारच्या पेशी चपट्या होऊन सरकत येतात आणि काही मिनिटांत, फार तर काही तासांत, उघडी जागा झाकून टाकतात. नव्या पेशी जन्माला येण्याचीही वाट बघत नाहीत. तिखट-गरम खाऊनही आपलं पोट रोज शाबूत राहतं ते यामुळे.

जखम खोल गेली, आम्ल बनवणाऱ्या पेशीच मेल्या, तर मात्र एवढ्यानं भागत नाही. तेव्हा तळच्या त्या जांभळट पेशी रूप बदलतात. माझे वडील यंत्रमागावर होते. ताण्यातला धागा तुटला की माग थांबवून ते गाठ मारायचे आणि माग पुन्हा सुरू करायचे. ही पेशी याहून मोठं काम करते. ती स्वतःचा मागच मोडते. पाचक रस बनवायची जी यंत्रणा तिनं आयुष्यभर सांभाळली, ती आतल्या आत विरघळवून टाकते. मग कोवळ्या पेशीतली जनुकं पुन्हा जागी होतात, आणि शेवटी ती दुभंगून नव्या पेशी तयार करू लागते. या तीन पायऱ्यांच्या प्रवासाला २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘पॅलिजेनोसिस’ असं नाव दिलं. मागं जाऊन पुन्हा जन्म घेणं, असा त्याचा अर्थ. या नव्या पेशी पाचक रस सोडत नाहीत, दाट चिकट द्रव सोडतात. जखमेवर घरातल्या घरात लावलेला लेपच म्हणा. आम्ही या बदलाला थोडक्यात ‘स्पेम’ म्हणतो. लेप लावणाऱ्या या पेशी तळच्या पेशींतूनच होतात की वरच्या, नव्या पेशी जन्माला घालणाऱ्या मूळ पेशींतूनही, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, पण जखमेच्या जागी त्या येतात हे नक्की.

उंदरांवरचा एक प्रयोग मला फार आवडतो. एका औषधाच्या मोठ्या डोसानं तीन दिवसांत त्यांच्या आम्लाच्या पेशी मरतात आणि तळच्या पेशी रूप बदलतात. औषध थांबवलं की दोन-तीन आठवड्यांत सगळं पूर्वीसारखं. म्हणजे हा बदल मुळात आजार नाही, दुरुस्ती आहे. इजा थांबली की कारागीर आपल्या मूळ कामाला परततो.

तुमच्या पोटात इजा थांबलीच नाही, ताई. एच. पायलोरी हा जंतू बहुधा लहानपणीच घरातून येतो आणि औषध घेतलं नाही तर जन्मभर राहतो. भारतात निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात तो असतो. तेव्हा तुमचं काही चुकलं नाही. (हा जंतू जठरात राहतो हे आधी ओळखलं ते पर्थच्या रॉबिन वॉरन यांनी, १९७९ मध्ये. तेही पॅथॉलॉजिस्ट, याचा मला अभिमान आहे. त्यांचे सहकारी बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये जंतूचं पाणी स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.) वर्षानुवर्षं सूज राहिली की दुरुस्तीही वर्षानुवर्षं चालू राहते, नळ्या झिजतात आणि काही ठिकाणी पेशी आतड्यासारखं रूप घेतात. आतड्यातून कुणी चालत वर आलेलं नाही. तुमच्याच जठराच्या पेशींनी दुसरा वेष घेतलाय. या पेशी पेल्यासारख्या दिसतात, एका खास रंगानं निळ्याशार होतात. अशा जागी हा जंतू सहसा टिकत नाही. म्हणून हा बदलही आधी बचावासाठीच होत असावा, असं मला वाटतं.

मग काळजी कसली? पेशी दर वेळी दुभंगते तेव्हा जनुकांची नक्कल होते, आणि नकलेत चुका राहू शकतात. पुन्हा पुन्हा कोवळं व्हायचं आणि पुन्हा कामाला लागायचं, यात चुका साठत जातात. फार थोड्यांत त्यातून पुढं कॅन्सर होतो. नेदरलँड्समध्ये देशभरातल्या बायोप्सीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तुमच्यासारखा रिपोर्ट असलेल्यांत वर्षाला हजारी दोन-तीन जणांना कॅन्सर झाल्याचं दिसलं. उरलेल्या नऊशे सत्त्याण्णवांत तुम्ही आहात असंच मी धरून चालते. पण नजर ठेवायची.

आता काय करायचं ते. जंतूच्या गोळ्यांचा कोर्स साधारण १४ दिवसांचा असतो, तो पुरा करा. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका. आमच्याकडे नेमकं हेच होतं. कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेला का ते बघा. त्याआधी दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांना विचारून बंद ठेवावी लागते, नाहीतर तपासणी फसते. जंतू गेला की सूज उतरते आणि धोका कमी होतो. आतड्यासारखा झालेला भाग मात्र पूर्ण पूर्ववत होईलच असं नाही.

डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. बदल जठराच्या खालच्या भागातच आहे की वरही पसरलाय? आणि रिपोर्टात कुठं ‘डिस्प्लासिया’, म्हणजे पेशी कॅन्सरच्या दिशेनं बिघडू लागल्याची खूण, हा शब्द आहे का? त्यावर पुढची दुर्बीण कधी, हे ठरतं. पसरलेला असेल तर युरोपात तीन वर्षांनी पुन्हा बघायचा प्रघात आहे. वरच्या भागात असेल तर बी-१२ सुद्धा तपासून घ्या.

मिश्री बंद करा. हे मी आर्जवानं सांगते, कारण तंबाखू जठराच्या कॅन्सरचा धोका वाढवते आणि ही एक गोष्ट पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

आणि दुखण्याच्या गोळ्या. जठराचा तो बुळबुळीत थर टिकवणारं रसायन शरीरात तयार होऊ न देणं, हाच या गोळ्यांचा एक परिणाम. माझ्या वडिलांनीही पाठदुखीसाठी कित्येक वर्षं त्या चघळल्या. एके दिवशी त्यांना डांबरासारखी काळी शौच झाली, ते कुणाला बोललेच नाहीत. चक्कर येऊन मागाशेजारी पडले तेव्हा आम्हाला कळलं. अल्सरमधून रक्त जात होतं. ते वाचले, पण तो दिवस मी विसरत नाही. काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाठीसाठी कोणती गोळी चालेल ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि विड्या वळताना तासाभरानं उठून दोन फेऱ्या मारा. मजुरी नगावर मिळते, उठणं परवडत नाही, हे मला माहीत आहे. तरी उठा.

प्रश्न : मला गॅस्ट्रायटिस आहे. घरचे म्हणतात शेंगाची चटणी बंद कर, तिखटानं अल्सर होतो. खरं का?
— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : अल्सर मुख्यतः दोन गोष्टींनी होतो, एच. पायलोरी आणि दुखण्याच्या गोळ्या. तिखटानं जळजळ वाढू शकते. ती वाढत असेल तर काही दिवस चटणी कमी खा, वाढत नसेल तर खा. मीठ मात्र बेतानं. आणि जंतूची तपासणी झाली नसेल तर चटणी सोडण्याआधी ती करून घे.