लायरबर्ड जंगलातही चेनसॉ आणि कॅमेऱ्याचे आवाज काढतो का?

काढू शकतो, पण जंगलात तसं क्वचितच ऐकायला मिळतं. लायरबर्ड हा ऑस्ट्रेलियातला, इतर आवाजांची हुबेहूब नक्कल करणारा पक्षी. व्हिडिओंमुळे गाजलेले लायरबर्ड बरेचदा माणसांच्या सहवासात वाढलेले असतात. ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका नराने पांडांसाठी चाललेल्या बांधकामाची ठोकाठोक उचलली होती. सिडनीच्या तारोंगा प्राणिसंग्रहालयातला ‘एको’ नावाचा लायरबर्ड २०२१ मध्ये चक्क तान्ह्या बाळासारखा रडत होता.

मला विचाराल तर याहून मोठी कमाल रानातल्या पक्ष्याची. मी मेलबर्नला राहतो. जवळच डँडेनाँगच्या डोंगरात शेरब्रुकचं जंगल आहे. जून ते ऑगस्ट, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, लायरबर्डांची वीण असते. नर पायांनी माती उकरून छोटा ओटा करतो, त्यावर उभा राहून पिसारा डोक्यावरून पुढे घेतो आणि थरथरवतो. रुपेरी तंतूंमागे पक्षी जवळजवळ दिसेनासा होतो, गाणं मात्र चालूच. कूकाबरा या खंड्याच्या जातभाईचं खिदळणं, रोझेला पोपटांचा किलबिलाट, मग व्हिपबर्ड. व्हिपबर्डमध्ये नर लांब शीळ घालून शेवटी चाबकासारखा फटकारा मारतो आणि मादी लगेच दोन-तीन तुटक स्वरांत उत्तर देते. हा अख्खा सवाल-जवाब लायरबर्ड एकटाच रंगवतो!

या नकला तरुण नर बऱ्याच अंशी थोरल्या लायरबर्डांकडूनच शिकतात. १९३० आणि ४०च्या दशकांत काही लायरबर्ड टास्मानियात नेऊन सोडले. तिथे व्हिपबर्ड नाहीतच, तरी त्याची हाक तिथल्या लायरबर्डांच्या गाण्यात पुढे कित्येक वर्षं टिकून राहिली.

नकला निव्वळ हौसेच्याही नाहीत. शिकारी प्राणी दिसला की लहान पक्षी जमून एकच कालवा करतात. मादी निघून जायला लागली की, आणि मीलनाच्या वेळीही, नर त्या सगळ्या कालव्याची नक्कल करतो, पंखांच्या फडफडाटासकट. धोका आहे असं वाटून मादी थबकावी, असा त्यामागचा डाव असावा, हे संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलं.

आणि मादीही उत्तम नकलाकार असते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. घरटं बांधणं, एकुलतं एक अंडं उबवणं, पिल्लू वाढवणं हे सगळं तिच्या एकटीवर, आणि घरट्याजवळ कोणी आलं की तीही इतर पक्ष्यांचे आवाज काढते. शेरब्रुकला गेलात तर पिसारा नसलेल्या, पाचोळा उकरणाऱ्या तपकिरी पक्ष्याजवळही थोडं थांबा.