भट्टीवर जाणं आणि बारमध्ये बसणं

नागपूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे : "टिमकी-पाचपावलीच्या आमच्या जुन्या वस्तीतल्या बसण्याउठण्याच्या जागांच्या आठवणी नातवंडांसाठी लिहून काढतो आहे. देशी दारूच्या दुकानाला आम्ही कायम 'भट्टी' म्हणत आलो. पुण्याचे जावई म्हणतात, दारू गाळतात ती भट्टी आणि विकतात तो गुत्ता, तुमचा शब्द चुकला. मी काय लिहू? भट्टी, गुत्ता, अड्डा, की सरळ बार? आणि पिण्याला 'बसणं' म्हणतात, ते लिखाणात चालेल का?"

काका, भट्टीच लिहा. जावईबापूंनी सांगितलेला अर्थ खरा आहे, पण तो शब्दाचा अर्धाच अर्थ आहे. उरलेला अर्धा विदर्भात जिवंत आहे. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, कुठेही विचारा : 'भट्टीच्या बाजूच्या गल्लीत वळा' म्हटलं की कोणी धुराडं शोधत नाही. दुकानावर पाटी असते 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'. माणसं त्या दुकानाला भट्टी म्हणतात.

भट्टी हा मुळात विस्तवाचा शब्द. संस्कृतात भ्राष्ट्र म्हणजे धान्य भाजायचं भांडं, प्राकृतात त्याचं भट्ठ झालं आणि तिथून आपली भट्टी. जिथे मोठा जाळ लागतो तिथे हा शब्द गेला : वीटभट्टी, चुनाभट्टी, लोहाराची भट्टी, परिटाची भट्टी. दारूही जाळावरच होते. आपल्याकडे ती मोहाची. चैत्राच्या आगेमागे पहाटे गळणारी मोहफुलं वेचायची, वाळवायची, मग पाण्यात भिजत घालून आंबू द्यायची. या आंबवणाला आपल्याकडे 'सडवा' म्हणतात. पोलिसांनी छापा घातल्याच्या बातम्यांमधून हा शब्द तुम्ही रोज वाचत असाल. सडव्याचं भांडं चुलीवर चढवायचं, वाफ अडवायची, वरच्या भांड्यातल्या गार पाण्याने ती थंड झाली की नळीतून थेंब पडू लागतात. सुरुवातीची धार सगळ्यांत कडक असते. 'पहिल्या धारेची' हे मराठी माणूस आज कशालाही म्हणतो, भाषणाला, मिरचीला, शिवीला. ते या चुलीजवळून आलं आहे.

आता प्रश्न असा की जाळाचं नाव दुकानाला कसं लागलं. इंग्रजांनी १८६१ साली मध्य प्रांत केला, नागपूर त्याची राजधानी. त्या काळात गावखेड्यांतून 'आउटस्टिल' नावाची पद्धत चाले : एका ठिकाणी दारू गाळायचा आणि तिथेच विकायचा हक्क सरकार लिलावात देई. ज्याने बोली जिंकली त्याने तिथेच चूल मांडायची, तिथेच गिऱ्हाईक करायचं. गाळण्याची जागा आणि विकण्याची जागा एकच. म्हणजे भट्टीवर जाणारा माणूस खरोखरच भट्टीवर जात होता. पुढे दारू मोठ्या कारखान्यांत होऊ लागली, सीलबंद बाटलीतून दुकानात येऊ लागली आणि जाळ विझला. शब्द मात्र जागेला चिकटून राहिला.

पण सगळं श्रेय इंग्रजांच्या लिलावाला देऊ नये. कबीराची एक साखी आहे : 'कबीर भाठी कलाल की, बहुतक बैठे आइ.' कलालाच्या भट्टीवर पुष्कळ जण येऊन बसले आहेत, पण डोकं वाहील त्यालाच प्यायला मिळेल, असा पुढचा भाव. कबीराला सांगायचं आहे ते भक्तिरसाबद्दल. दृष्टान्त मात्र त्याने समोरच्या रस्त्यावरून उचलला आहे, आणि त्या रस्त्यावर भाठी म्हणजे लोक येऊन बसतात ती जागा आहे. इंग्रज यायच्या कितीतरी आधी. हा अर्थ नागपूरकरांनी चुकून लावलेला नाही, तो उत्तरेकडून आपल्यापर्यंत पसरलेला जुना अर्थ आहे. कलाल, कलार हे नावही त्याच घरातलं : संस्कृत कल्यपाल, म्हणजे मद्य गाळणारा.

गुत्ता शब्दाचं मूळ पाहिलं की जावईबापूंनाही मौज वाटेल. कन्नड-तेलुगूत गुत्ता, गुत्तिगे म्हणजे मक्ता, कंत्राट. मराठवाड्यात रस्त्याचं काम घेणारा ठेकेदार आजही गुत्तेदार असतो, त्याचा दारूशी काही संबंध नाही. दारू विकायचा मक्ता तो गुत्ता, आणि मग मक्त्याचं दुकान तेही गुत्ता. पंजाब-दिल्लीकडे दारूच्या दुकानाला 'ठेका' म्हणतात, तिथेही हेच झालं. एकाच व्यवस्थेकडे कोणी कागदाच्या बाजूने पाहिलं, कोणी चुलीच्या. पुण्याने कागद धरला, नागपूरने चूल. गुत्ता बरोबर असेल तर भट्टीही तितकीच बरोबर आहे. शिवाय पुण्यामुंबईकडेही भट्टी नाहीशी झालेली नाही. 'हातभट्टी' आहेच, फक्त तिथे ती पेयाचं नाव झाली : 'हातभट्टीची पिऊन आला.' तिकडे भट्टी ग्लासात उतरली, आपल्याकडे कोपऱ्यावर उभी राहिली.

शब्दामागे लागणारे 'त', 'वर', 'मध्ये' बघा, तिथे तर पुरावाच आहे. आपण 'भट्टीत गेला' म्हणत नाही, 'भट्टीवर गेला' म्हणतो. चक्कीवर, विहिरीवर, नळावर, नाक्यावर, पानठेल्यावर. जिथे काम असतं, रांग असते, काम झालं की निघायचं असतं, तिथे मराठी 'वर' जाते. बार मात्र 'बारमध्ये'. दार लोटून आत शिरायचं, खुर्ची ओढायची, बसायचं. आमच्या वस्तीतला माणूस शाळा शिकला असो वा नसो, हा फरक कधी चुकला नाही. म्हणूनच भट्टीच्या जागी बार लिहू नका. त्या दोन जागा वेगळ्या होत्या आणि तिथे जाणारी माणसंही बहुधा वेगळी होती.

मिलच्या पाळीचा भोंगा झाला की भट्टीवर काय व्हायचं ते तुम्ही पाहिलेलं असणार. एम्प्रेस मिल १८७७ सालची, जमशेटजी टाटांनी उभारलेली. तिच्या नि मॉडेल मिलच्या भोंग्यांवर अर्ध्या शहराचा दिवस चालत असे. कापसाचे तंतू केसांत अडकलेली माणसं डबा काखेत मारून यायची. समोर लोखंडी जाळी, जाळीला हाताएवढी खिडकी. पैसे आत, बाटली बाहेर. बोलणं जवळजवळ नाहीच. बाहेर भिंतीला टेकून एक आजी टोपलीत उकडलेली अंडी घेऊन बसायची. अंडं सोलायची, नखाएवढ्या पातळ सुरीने त्याचे दोन भाग करायची, कागदाच्या चिटोऱ्यावर ठेवून वर तिखट-मीठ चिमटीने सोडायची. शेजारी फुटाणे आणि मुर्रा, म्हणजे मुरमुरे. हा 'चकना'. पुस्तकी मराठीत चखणा लिहितात, पण आठवणी लिहिताना तुम्ही चकनाच लिहा, आजीच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता. माणूस उभ्या उभ्या संपवायचा, ग्लास उपडा ठेवायचा आणि चालू पडायचा. आता एम्प्रेस मिलच्या जागेवर मॉल आहे. भोंगा गेला, तशी भोंग्याबरोबर भरणारी ती भट्टीही गेली.

बसणारी जागा वेगळी. गोळीबार चौक, इतवारीच्या बाजूला सावजीचा रस्सा मिळायचा, लाकडी फळ्यांचे कप्पे, त्यांना कळकट पडदे, संगमरवरी टेबलावर पाण्याचे गोल डाग. सावजी हा आधी माणसाला हाक मारायचा शब्द, हलबा कोष्टी या विणकर समाजातला आदराचा. मग तो रश्श्याचा झाला, मग हॉटेलचा. विणकराचा आठवड्याचा हिशेब झाला की तिथे गर्दी असे, आणि रश्शाने कपाळावर घाम आला की गप्पा खऱ्या रंगात यायच्या. राजकारण, पोळ्याचे बैल, कोणाच्या पोरीचं लग्न जमत नाही, कोणाला मिलमधून काढलं. सदरच्या इंडियन कॉफी हाउसमध्येही बोलणं असंच चाले, फक्त कपात कॉफी असे आणि मराठी जरा शुद्ध असे.

'अड्डा' आणि 'कट्टा' हे शब्द मी टाळतो. बंगालीत अड्डा म्हणजे निवांत गप्पांची बैठक, पण मराठीत त्याच्यामागे पोलीस लागलेले आहेत : जुगाराचा अड्डा, मटक्याचा अड्डा. मुंबईत दारूबंदीच्या दिवसांत 'आंटीचा अड्डा' रुळला, कारण ते चोरून होतं. मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ चा; तेव्हा नागपूर त्या राज्यात नव्हतंच, ते १९५६ साली आलं. त्यामुळे ती सगळी शब्दसंपत्ती आपल्याकडे बाहेरून आली. 'परमिट रूम' पाट्यांवर लागली, तोंडात बसली नाही. कट्ट्याचं तर विचारूच नका. मुंबईला कट्टा म्हणजे गप्पांची जागा, नागपुरात सिमेंटचं पोतं किंवा देशी पिस्तूल. गप्पांना आपल्याकडे ओटा होता, पार होता आणि पानठेला होता.

पानठेल्यावर थोडं थांबू, कारण न पिणाऱ्यांचा बार तोच. पुण्यात पानटपरी, आपल्याकडे ठेला. हिंदीत ठेलना म्हणजे ढकलणे, आणि ढकलत न्यायची ती गाडी म्हणजे ठेला. आमच्या चौकातल्या ठेल्याची चाकं मी कधी फिरलेली पाहिली नाहीत, ती डांबरात रुतली होती. तरी नाव ठेलाच. भट्टीत जाळ नाही, ठेला हलत नाही, पारडी नाक्यावर जकात नाही, आणि तिन्ही नावं ठणठणीत. त्यात आणखी एक योगायोग मला फार आवडतो : जुन्या मराठीत, ज्ञानेश्वरीत, 'ठेला' म्हणजे थांबला, स्थिर राहिला. व्युत्पत्ती वेगळी आहे, दोन्ही जोडू नका. पण खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) घोटत बसलेल्या ठेलेवाल्या भाऊच्या समोर एका पायावर भार देऊन जो माणूस उभा ठेला तो तासभर हलायचा नाही, हे तुम्हाला आठवतच असेल. "काय करून राहिला बे?" "काई नाई, उभा हाव." एवढं संभाषण पुरेसं असायचं.

आता 'बसणं'. बिनदिक्कत लिहा. कबीराच्या त्या ओळीतही 'बैठे' आहे, म्हणजे पिण्याची आणि बसण्याची जोडी जुनी आहे. मराठीत हा शब्द आडवळणाचा असला तरी फार नेमका आहे. 'संध्याकाळी बसू' म्हटलं की कर्म सांगावं लागत नाही. 'तो बसत नाही' म्हणजे तो पीत नाही. आणि एकटा माणूस कधी 'बसत' नाही. एकटा असला की तो घेतो, लावतो, मारतो, टाकून येतो. बसायला सोबत लागते. म्हणून तुमच्या काळच्या भट्टीवरच्या माणसाला हा शब्द लावू नका. तो तिथे बसत नव्हता, थांबतही नव्हता. तुमच्या आठवणींत बारमध्ये 'बसलो' आणि भट्टीवर 'गेलो' एवढं सांभाळलंत तर वाचणाऱ्याला जागेचा नकाशा आपोआप कळेल.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. 'बसणं' हा पुरुषांच्या बोलण्यातला शब्द आहे. घरातल्या बायका तो वापरत नसत. त्यांच्याकडे दोन वाक्यं होती : 'भट्टीवर गेले' आणि 'ढोसून आले'. पगाराच्या दिवशी पोराला भट्टीच्या कोपऱ्यावर पाठवणारी आई मी पाहिली आहे, बाप जाळीशी पोचायच्या आधी त्याच्या खिशातून राशनचे पैसे काढून आण म्हणून सांगणारी. बायकांनी मतदान करून दुकान बंद पाडायचं तेव्हाची खूण 'आडवी बाटली', आणि मोर्चातली मागणी 'दारूभट्टी हटवा'. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, ती अशाच बायकांच्या चालण्यातून आली. त्यांच्या घोषणेत गुत्ता नव्हता, परमिट रूम नव्हती. नातवंडांसाठी लिहिता आहात, तर भट्टी हा शब्द आजीच्या तोंडूनही एकदा येऊ द्या. तो तिच्या तोंडी वेगळा ऐकू येतो.

बाकी किरकोळ. पव्वा, अद्धा, खंबा हे शब्द तसेच ठेवा. ७५० मिलीची बाटली खंबा, ३७५ ची अद्धा, १८० ची पव्वा, एवढं एकदा कंसात दिलंत की पुढे समजावत बसावं लागणार नाही. इंग्रजी दारूला आपल्याकडे 'इंग्लिश' म्हणत, तेही तसंच. आणि शुद्धलेखन : हिंदीत भट्ठी, मराठीत भट्टी. तुमच्या पत्रात दोन्ही आलेत, एकच ठेवा. अनेकवचन भट्ट्या.