टेनिस स्कॉलरशिपवर अमेरिकेला पाठवताना कॉन्फरन्सचं नाव किती धरावं?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर पालकांनाही संदर्भ लागेल. मुलगी कोल्हापुरात शिकते, टेनिस खेळते आणि ऑगस्ट २०२७ मध्ये इंजिनिअरिंगसाठी अमेरिकेला जाणार आहे. हातात दोन ऑफर आहेत. एक ‘बिग टेन’ या बड्या कॉन्फरन्समधल्या, पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठाची, अर्ध्या स्कॉलरशिपची. दुसरी मिडवेस्टमधल्या (अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागातल्या) एका छोट्या कॉन्फरन्समधल्या विद्यापीठाची, पूर्ण स्कॉलरशिपची. अकादमीतले सर म्हणतात, डोळे झाकून मोठी कॉन्फरन्स घ्या. तुमची शंका अशी की मोठ्या कॉन्फरन्सचा टेनिसला नेमका काय फायदा, आणि ती चार वर्षं आहे तशी राहील का?

माझं मत स्पष्ट आहे: कॉन्फरन्सचं नाव निर्णयात शेवटी यावं. कारण ती नावं टेनिसकडे बघून ठरतच नाहीत.

कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांची लीग. पूर्वी ती भूगोलावर उभी असायची, शेजारच्या राज्यांतली विद्यापीठं आपापसांत खेळायची. १९८४ साली ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने टीव्ही हक्कांवरची एनसीएएची (विद्यापीठीय खेळ चालवणाऱ्या देशव्यापी संस्थेची) मक्तेदारी मोडली आणि सामने विकण्याची मोकळीक कॉन्फरन्सना मिळाली. तेव्हापासून पैसा अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपणातून येतो आणि सदस्य कोण हे त्या पैशावर ठरतं. ऑगस्ट २०२२ मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या टीव्ही कंपन्यांशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. त्याच्या जेमतेम दीड महिना आधी, ३० जून २०२२ ला, लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या दोन्ही विद्यापीठांनी पश्चिमेची पॅक-१२ कॉन्फरन्स सोडून बिग टेनमध्ये जायचं जाहीर केलं होतं.

पुढे जे झालं ते तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडतं. जुलै २०२३ अखेर कोलोरॅडो पॅक-१२ सोडून बिग १२ या दुसऱ्या कॉन्फरन्सकडे वळलं. ४ ऑगस्टला एकाच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ कडे गेले. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया-बर्कली यांना अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसी कॉन्फरन्सने घेतलं, सोबत डॅलसचं एसएमयू. १९१५ पासूनची परंपरा सांगणाऱ्या पॅक-१२ मध्ये ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढी दोनच विद्यापीठं उरली. (त्या नावाखाली जुलै २०२६ पासून बॉयझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट वगैरेंना घेऊन जी नवी लीग ठरली, ती वेगळी. तुमच्या सरांच्या डोक्यातली टेनिसची पॅक-१२ आता नाही.) या फेरबदलानंतर बिग टेनमध्ये १८ सदस्य झाले, दक्षिणेतल्या एसईसी कॉन्फरन्समध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा आल्यावर १६, बिग १२ मध्ये १६, आणि एसीसीत फुटबॉल सोडून बहुतेक खेळांत १८.

२०२२ साली स्टॅनफर्डच्या महिला टेनिस संघात दाखल झालेली मुलगी पहिली दोन वर्षं पॅक-१२ मध्ये आणि पुढची दोन एसीसीमध्ये खेळली. कॅम्पस तोच, पदवी तीच, पण प्रतिस्पर्धी अचानक बॉस्टन, मायामी आणि क्लेम्सनचे. तिला कोणी विचारलं नव्हतं.

आता तारखा बघा. मुलगी ऑगस्ट २०२७ ला गेली तर मे २०३१ मध्ये पदवी घेईल. बिग टेनचा टीव्ही करार २०२९-३० च्या हंगामानंतर संपतो, बिग १२ चा २०३०-३१ ला. एसीसीतून बाहेर पडण्याची रक्कम फ्लोरिडा स्टेट आणि क्लेम्सनच्या दाव्यांतल्या मार्च २०२५ च्या तडजोडीनुसार दरवर्षी कमी होत २०३०-३१ मध्ये साडेसात कोटी डॉलरवर येते. एसईसीचा ईएसपीएनशी करार मात्र २०३३-३४ पर्यंत आहे. म्हणजे फेरबदलाची पुढची मोठी खेप आली तर तिच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात बातम्या सुरू होतील. बिग टेन फुटेल असं मला वाटत नाही. ती आणखी मोठी होण्याची शक्यता जास्त. धोका प्रवास वाढण्याचा आणि टेनिसवरचा खर्च कमी होण्याचा आहे.

प्रवासाचं गणित मांडूनच बघा. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीतल्या रटगर्स या बिग टेनमधल्याच विद्यापीठापर्यंतचं हवाई अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आणि घड्याळात तीन तासांचा फरक. तिकडे सकाळी दहाचा सामना म्हणजे शरीराच्या हिशेबाने पहाटे सातला कोर्टवर. दौऱ्यात साधारणपणे शुक्रवारी एक आणि रविवारी एक असे दोन सामने जोडून घेतात, म्हणजे गुरुवारी निघायचं आणि रविवारी मध्यरात्री परत. फुटबॉलला चार्टर विमान मिळतं. टेनिस संघ बहुतेक ठिकाणी साध्या विमानाने, कनेक्शन घेत जातो. इंडियाना विद्यापीठाच्या ब्लूमिंग्टनला तर प्रवासी विमानसेवाच नाही, इंडियानापोलिसला उतरून पुढे रस्त्याने जावं लागतं. एनसीएएच्या नियमात सराव-स्पर्धेला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, पण तिच्यात प्रवास धरत नाहीत, आणि सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तीनच तासांचा मोजतात. कागदावर २० तास दिसणारा आठवडा प्रत्यक्षात ४० चा होतो तो असा.

इथे परदेशी विद्यार्थ्याची अडचण अमेरिकन मुलांपेक्षा वेगळी आहे, आणि कोच ती सहसा सांगत नाहीत. प्रवास वाढला तशी अमेरिकन खेळाडूंना ऑनलाइन कोर्स घेण्याची सोय झाली. एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, पदवीच्या विद्यार्थ्याला दर सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावी लागतात आणि त्यात ऑनलाइन कोर्स एकच, तीन क्रेडिटपर्यंतच, धरला जातो. बाकीची नऊ क्रेडिट वर्गात बसून. इंजिनिअरिंगच्या लॅब बऱ्याचदा गुरुवार-शुक्रवारी दुपारी असतात आणि तीनदा चुकल्या की कोर्स सोडण्याची वेळ येते. कोर्स सोडून बेरीज १२ च्या खाली गेली, तर खेळण्याची पात्रता आणि व्हिसाचा दर्जा दोन्ही एकदम धोक्यात येतात. म्हणून कोणताही कोर्स सोडण्याआधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओची (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची) परवानगी घ्यायची, कोचची नव्हे. शिवाय एनसीएएला दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा ४० टक्के, तिसऱ्याअखेर ६० टक्के भाग पूर्ण झालेला लागतो. दुसऱ्या वर्षी शाखा बदलली की आधीची काही क्रेडिट या हिशेबातून गळतात आणि इंजिनिअरिंगची मुलं नेमकी तिथे अडकतात.

दोन्ही कोचना तीन प्रश्न ईमेलने विचारा आणि लेखी उत्तर मागा. गेल्या वसंत हंगामाचं पूर्ण वेळापत्रक, निघण्या-परतण्याच्या तारखांसह. संघात सध्या इंजिनिअरिंग शिकणाऱ्या किती मुली आहेत. आणि लॅबची वेळ सामन्यांशी जुळली नाही तर नेमकं काय करतात. तिसऱ्याचं उत्तर मोघम आलं तर ते उत्तरच समजा.

मोठ्या कॉन्फरन्सचा फायदा नाही असं मी म्हणत नाही. दर आठवड्याला तगड्या प्रतिस्पर्धी मिळतात, फिजिओ आणि इनडोअर कोर्ट चांगली असतात. पुण्याची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून एसईसीत खेळली, सोमदेव देववर्मनने व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ चं एनसीएए एकेरी विजेतेपद मिळवलं. पण सामन्यात सहाच एकेरी आणि तीन दुहेरी असतात. संघात नवव्या-दहाव्या क्रमांकावर राहणारी मुलगी तगड्या खेळाडूंशी खेळत नाही, त्यांचा खेळ बघते. कोचला सरळ विचारा: तिचं यूटीआर (टेनिसपटूंचं रेटिंग) धरून पहिल्या वर्षी ती कितव्या क्रमांकावर खेळेल? छोट्या कॉन्फरन्सच्या विजेत्या संघालाही ६४ संघांच्या एनसीएए स्पर्धेत थेट जागा मिळते. मात्र त्यासाठी कॉन्फरन्समध्ये तो खेळ खेळणारी किमान सहा विद्यापीठं लागतात. मिडवेस्टच्या त्या कॉन्फरन्समध्ये महिला टेनिसचे किती संघ आहेत ते मोजा. सहा-सातच असतील तर एखादं विद्यापीठ बाहेर पडताच ती जागा धोक्यात येते.

आता पैसे. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या ‘हाऊस’ खटल्यातली तडजोड मंजूर केली. २०२५-२६ साठी विद्यापीठांना खेळाडूंना वर्षाला दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत थेट वाटण्याची मुभा मिळाली आणि ही तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत स्कॉलरशिपच्या मर्यादेऐवजी संघसंख्येची मर्यादा आली. महिला टेनिससाठी ती १० आहे. पूर्वी डिव्हिजन १ मध्ये (एनसीएएच्या सर्वांत वरच्या श्रेणीत) महिला टेनिसच्या आठ स्कॉलरशिप असत आणि त्या तुकड्यांत देण्याची पद्धत नव्हती. आता दहा जणींना देता येते, पण विभागूनही देता येते, आणि तुमच्या हातातली ‘अर्धी’ ऑफर तिथूनच आली आहे. वाटल्या जाणाऱ्या पैशाचा फार मोठा भाग फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलकडे जातो. टेनिसच्या वाट्याला काही येईल या आशेवर घरचं गणित बसवू नका. त्यातून एफ-१ वर अमेरिकेत राहून जाहिरात करणं, प्रायोजकाच्या कार्यक्रमाला जाणं हे बेकायदा काम ठरू शकतं. खेळाडूच्या नाव-प्रतिमेचे पैसे, म्हणजे एनआयएल, कोणीही देऊ केले तरी सही करण्याआधी डीएसओ आणि इमिग्रेशन वकील दोघांनाही विचारायचं. विद्यापीठाच्या खेळ विभागाने ‘चालेल’ म्हणणं पुरेसं नाही. व्हिसा गेला तर मुलीचा जातो.

श्रीमंत कॉन्फरन्समध्ये टेनिस सुरक्षित असतं हाही गैरसमज. २०२० मध्ये बिग टेनमधल्या आयोवा आणि मिनेसोटा यांनी पुरुष टेनिस बंद केलं. स्टॅनफर्डने त्याच वर्षी ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं आणि २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला. २०२५ मध्ये टेक्सासमधल्या यूटीईपी विद्यापीठाने महिला टेनिस संघ बंद केला. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या टायटल नाइन कायद्यामुळे महिलांचे खेळ बंद करणं पुरुषांच्या खेळांपेक्षा अवघड जातं, अशक्य नव्हे. म्हणून विचारा: संघ बंद झाला तर स्कॉलरशिप पदवीपर्यंत चालू राहील का? तसं कलम करारात घालायला तयार असलेलं विद्यापीठ माझ्या लेखी एक पायरी वर.

करार वाचताना हे बघा. ‘अर्धी’ म्हणजे कशाची अर्धी? फक्त ट्यूशनची, की राहणं, जेवण, पुस्तकं, फी आणि आरोग्य विमा धरून? सरकारी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्याला राज्याबाहेरचा, जास्त दर लागतो; टक्केवारी त्या दरावर आहे ना? करार एका वर्षाचा की चार वर्षांचा? खेळाडूला विद्यापीठाशी बांधणारं पूर्वीचं पत्र, नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे आर्थिक मदतीचा करार हाच खरा कागद. एका वर्षाचा असेल तर नूतनीकरणाचं पत्र दरवर्षी १ जुलैपर्यंत यायला हवं. आणि ट्रान्सफर पोर्टलमध्ये (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) नाव नोंदवलं की विद्यापीठ मदत थांबवू शकतं, हे मुलीला आजच सांगून ठेवा. नवं विद्यापीठ हाती नसताना रागाच्या भरात नाव नोंदवणाऱ्या परदेशी मुलींची फार कुचंबणा होते, कारण त्यांना नवा आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा कागद) आणि ‘सेव्हिस’ या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीचं हस्तांतरणही वेळेत करायचं असतं.

पूर्ण स्कॉलरशिपवरही कर असतो. ट्यूशन आणि आवश्यक पुस्तकं करमुक्त, पण राहण्या-जेवणाची रक्कम करपात्र. एफ-१ वर तिच्यातून १४ टक्के कापले जातात. समजा ती रक्कम १८,००० डॉलर आहे, तर मुलीच्या विद्यापीठातल्या खात्यावर २,५२० डॉलर बाकी दिसेल आणि ते तुम्हाला भरावे लागतील. भारत-अमेरिका यांच्यातल्या कर-कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन (करातली ठरावीक वजावट) मिळतं, त्यामुळे पुढच्या वसंतात १०४०-एनआर हे परदेशींसाठीचं कर विवरणपत्र भरल्यावर बराचसा कर परत येतो. पहिल्या वर्षी मात्र तेवढी रोकड हाताशी हवी.

कागदपत्रांचं काम आत्तापासून सुरू करा. खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरला नववीपासून बारावीपर्यंतच्या गुणपत्रिका लागतात. मराठीत असलेल्या कागदांची मूळ प्रत आणि प्रमाणित शब्दशः भाषांतर दोन्ही पाठवायचं. आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धांतली बक्षिसाची रक्कम आणि तिथला खर्च यांच्या पावत्या जपून ठेवा, हौशी दर्जा तपासताना त्या मागतात. बारावीनंतर एक वर्ष नुसतं स्पर्धा खेळण्याचा विचार असेल तर सोडून द्या. टेनिसमध्ये उशिरा प्रवेश घेतल्याने खेळण्याची वर्षं कमी होऊ शकतात. आय-२० आला की ३५० डॉलरची सेव्हिस फी आणि १८५ डॉलरची व्हिसा फी भरून मुंबईची तारीख लगेच घ्या, मे-जूनमध्ये गर्दी असते. व्हिसाच्या वेळी सोशल मीडिया खाती सार्वजनिक ठेवावी लागतात. आणि घरी यायचा काळ डिसेंबरच. जानेवारीपासून हंगाम सुरू होतो आणि वसंतातली सुट्टी सामन्यांत जाते.

तुम्ही दिलेल्या माहितीवर मी मिडवेस्टची ऑफर घेईन. अट एवढीच की तिथला तिचा इंजिनिअरिंग अभ्यासक्रम एबीईटी (अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेचा असावा आणि करार चार वर्षांचा लेखी मिळावा. तो एकाच वर्षाचा देत असतील तर बिग टेनच्या कोचला एकदा फोन करून अर्ध्याचे सत्तर टक्के होतात का विचारा. संघाची यादी वसंतापर्यंत हलत असते, एखादी मुलगी पोर्टलमध्ये गेली की पैसे मोकळे होतात. दोन्हीकडून लेखी उत्तरं आली की आकडे इथे टाका, एकत्र बसवून पाहू.