फॉर्म एकदा म्हणतो मध्यम, एकदा म्हणतो कमी

प्रश्न: बाबा ६७ वर्षांचे, पेन्शन महिना ४० हजार, बाकी काही नाही. एफडी मॅच्युअर होऊन २० लाख आलेत. एजंटने रिस्कचा फॉर्म भरून घेतला तर 'मध्यम' आलं, मग मार्केट पडलं तेव्हा परत भरला तर 'कमी'. आता तो म्हणतो स्वभाव कसाही असो, आर्बिट्राज फंड घ्या, त्यात रिस्कच नाही. घ्यावा का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: फॉर्मचं मनावर घेऊ नका, दुपारी जेवण झाल्यावर भरला तरी उत्तर वेगळं येतं. एजंटचा मुद्दा मात्र तत्त्वाने बरोबर आहे, म्हणजे एखादा पर्याय प्रत्येक परिस्थितीत दुसऱ्यापेक्षा जास्त देत असेल तर माणूस भित्रा की धाडसी हे विचारायची गरजच नाही. आर्बिट्राजचा सौदा बघा, शेअर १००० ला घेतला आणि त्याच वेळी त्याचं फ्युचर (पुढच्या तारखेचा सौदा आजच ठरलेल्या भावाने) १००६ ला विकलं. एक्सपायरीला, म्हणजे त्या तारखेला, भाव ९०० झाला तर शेअरमध्ये १०० गेले, फ्युचरमध्ये १०६ आले. ११०० झाला तर १०० आले, ९४ गेले. दोन्हीकडे ६च, त्यातून खर्च वजा.

पण 'रिस्कच नाही' हे काही खरं नाही. शेअर आणि फ्युचरमधला हा फरक मधेच वाढला की एनएव्ही (फंडाच्या एका युनिटची किंमत) खाली येते, एखाद्या आठवड्यात मायनस दिसतो, आणि २०२० च्या मार्चमध्ये तर फ्युचर्स कॅशच्या, म्हणजे शेअरच्या चालू भावाच्याही खाली गेले होते, मग नवीन सौदा करून मिळणार काय? म्हणजे एफडीपेक्षा कधी जास्त कधी कमी, आणि असं झालं की स्वभावाचा प्रश्न परत येऊन बसतोच.

बाबांच्या बाबतीत मात्र तिथपर्यंत जायलाच नको, टॅक्सवरच निकाल लागतो. पेन्शन आणि व्याज मिळून १२ लाखांच्या बरंच आत, नव्या करपद्धतीत तेवढ्यापर्यंत सूट, म्हणून एफडीच्या व्याजावर टॅक्स शून्य. फंडातून सहा महिन्यांत ६० हजार फायदा काढला तर २० टक्क्यांनी १२ हजार गेले, वर सेस, आणि त्याला ती सूट लागत नाही. वर्षभर थांबलात तर सव्वा लाखापर्यंत माफ, पण मग एफडीपेक्षा वेगळं मिळालं काय? (एजंटला कमिशन मिळालं, ते सोडून.)

एफडीच करा, पाच बँकांत वाटून, कारण एका बँकेत विमा व्याजासकट ५ लाखांचाच. तुम्ही स्वतः ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर तुमच्या पैशांसाठी हाच फंड जरूर बघा, तिथे गणित उलटं होतं.