पहिल्यांदाच जपानच्या पारंपरिक सरायीत, म्हणजे र्‍योकानमध्ये उतरताय?
जपानच्या सहलीचं बजेट सढळ असेल, तर सगळ्या रात्री पंचतारांकित हॉटेलात घालवू नका. निदान दोन रात्री हाकोने किंवा किनोसाकी या गरम झऱ्यांच्या गावांतल्या र्‍योकानला द्या. भाडं बहुधा खोलीचं नाही, माणशी सांगतात. त्यात रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरलेला असतो, तेव्हा आकडा बघून दचकू नका. जेवण सहा-सातलाच लागतं, म्हणून चारच्या सुमारास पोहोचा. आपल्यासारखं निवांत नऊला जेवू म्हणाल तर उपाशी झोपाल.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा. नुसतं 'मांस-मासे नको' म्हणून भागत नाही. सूप, उकडलेली भाजी, वरून ओतलेला रस, सगळ्यात दाशी हा पातळ अर्क असतो आणि तो बहुतेक वेळा कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसाचा. कोंबूचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा दाशी चालेल, असं स्पष्ट लिहा. काइसेकीची, म्हणजे तिथल्या अनेक पदार्थांच्या क्रमवार जेवणाची, तयारी आधीपासून चालते. आयत्या वेळी आचारी तरी काय करणार? घरात कांदा-लसूण न खाणारं कुणी असेल तर सरळ कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध मठात मुक्काम करा. तिथल्या शाकाहारी जेवणात, म्हणजे शोजिन र्‍योरीत तेही वर्ज्य. थाट कमी, पण तिळाचं तोफू चुकवू नका.

युकाता, म्हणजे तिथे मिळणारा सुती झगा, घालताना डावी बाजू वर. उजवी वर फक्त मृताला घालतात. तातामीवर, म्हणजे खोलीतल्या गवती चटईवर, सपाताही नकोत. ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या कुंडात, आधी बसून अंग स्वच्छ धुवायचं, मग कपड्यांशिवायच उतरायचं. संकोच वाटत असेल तर खासगी कुंडाची खोली घ्या, जास्तीचे पैसे खर्चायचे तर इथेच. आणि मोठ्या बॅगा ताक्क्युबिन या सामान पोहोचवणाऱ्या सेवेने आदल्या दिवशीच पुढे धाडा.